सुईच्या अग्राएवढे

सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी देणार नाही, असे दुर्योधन म्हणाला. तेव्हापासून सुईचे टोक आपल्या भाषेत क्षुद्रतेचे माप होऊन बसले आहे. बडोद्यातील आमच्या घरात परिचारिका असलेली सून आली आणि ते माप आम्हांला पुन्हा तपासून घ्यावे लागले.

रुग्णाला टोचलेल्या सुईच्या पोकळीत रक्ताचा अंश उरतो. ती सुई काम करणाऱ्याच्या बोटात शिरली आणि ते रक्त बाधित असले, तर एचआयव्हीची लागण होण्याचा संभव हजारात सुमारे ३. हिपॅटायटिस बीचा मात्र, लस न घेतलेल्यांत, शंभरात ३० पर्यंत. ज्याचे नाव घेताच घर हादरते त्याचा धोका लहान. ज्याला आपण नुसती कावीळ म्हणून सोडून देतो त्याचा मोठा. त्यावर तीन मात्रांची लस आहे, हाच दिलासा.

गेल्या वर्षी सुनेच्या रुग्णालयात केर भरणाऱ्या बाईंच्या तळव्यात पिशवीतली सुई घुसली. गुजराती मंडळी त्यांना मासी म्हणतात, आम्ही मावशी. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेली सुई भेदून बाहेर येणार नाही अशा पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यातच जायला हवी. ती केरात गेली होती. मावशींनी हात पदराला पुसला आणि पुन्हा झाडू घेतला. बोभाटा झाला तर ठेकेदार काढून टाकील, ही धास्ती. सुनेने त्यांना हाताला धरून डॉक्टरांपुढे नेले. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. मावशींनी ती घेतली. पुढच्या तपासण्या निर्दोष आल्या. हिपॅटायटिस बीची लस मात्र त्यांना त्या दिवशी प्रथमच मिळाली. रुग्णालयाच्या लसीकरणाच्या नोंदवहीत त्यांचे नाव नव्हते. ते ठेकेदाराच्या वहीत होते.

आपल्या अनेक कुटुंबांत कोणी ना कोणी रुग्णसेवेत आहे. त्यांनी लस घेतली का, हे आपण विचारतोच. त्यांच्यामागून केर काढणाऱ्यांना ती मिळाली का, एवढे आणखी विचारावे. सुई टोचली तर जागा साबणपाण्याने धुवावी, जखम पिळू नये आणि तत्काळ सांगावे. सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही, ही हमी मात्र वरिष्ठांनीच द्यायला हवी. नोंदवहीत एका नावाला लागणारी जागा सुईच्या अग्राहून फार मोठी नसते.