खोली आवरताना

डी.एड. करताना मी दोन वर्षं वसतिगृहात राहिले. एका खोलीत आम्ही चौघी. चार खाटा, चार ट्रंका. शिवाय पाठाचे तक्ते, पुठ्ठे, जुन्या वह्या. पाय ठेवायला जागा नसे!

वार्षिक परीक्षा संपली की आम्ही खोली उपसायचो. गाद्या उन्हात टाकायच्या. आधी छताची जळमटं काढायची, मग केर. उलटं केलं तर पुन्हा झाडा! बाकी सामानाचे तीन ढीग : लागणारं, दुसऱ्याला देण्यासारखं आणि रद्दी. मात्र जिची वस्तू तिलाच विचारायचं.

रद्दीतल्या वह्या चाळल्या, तर प्रत्येकीत मागची पानं कोरी. ती काढून, दाभणाने शिवून तीन जाड वह्या झाल्या. आमच्यातली एक मैत्रीण सुट्टीत मजुरीला जायची, तेव्हा कुठे तिची वह्या-पुस्तकं यायची. तिन्ही वह्या तिला दिल्या. ती काही बोलली नाही. पण पुढचं वर्षभर तिची सगळी टिपणं त्याच वह्यांत होती.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, अंथरुणांच्या घड्या घालत. एवढे मोठे गुरुजी, पण हातात झाडू घ्यायला लाजले नाहीत. मग आपण का लाजायचं?

तेव्हा या रविवारी आपलं कपाट आपणच आवरा. आईला हाक मारू नका हं! आणि रद्दी बांधण्याआधी वह्यांची मागची पानं जरूर बघा. आपल्याला जास्त झालेलं कुणाला तरी कमी पडत असतं.