कुटाराची धूळ

मेहकरकडून सिंदखेडराजाकडे जाताना बीबी लागते. दिवाळीच्या आगेमागे इथल्या शिवारात हडंब्यांचा आवाज थांबत नाही. सोयाबीनच्या सुड्या फुटतात, एका बाजूने पोत्यात दाणे पडतात, दुसरीकडून कुटाराचा फवारा उडतो. त्या फवाऱ्यात राबणाऱ्याच्या भुवयासुद्धा करड्या होतात. मी गुरांचा डॉक्टर. माझा हंगाम त्यानंतर, कुटार गोठ्यात आलं की सुरू होतो.

"डॉक्टर, गायीले सकाळून ठसका लागते," असं कोणी म्हटलं की मी स्टेथोस्कोपच्या आधी गव्हाणीत हात घालतो. मूठभर कुटार उन्हात झटकायचं. करडा धूर उठला आणि कुबट वास आला, की निम्मं निदान तिथेच होतं. परतीच्या पावसात भिजलेली सुडी तशीच ताडपत्रीखाली दाबून ठेवली तर आतून तापते. त्या उबेत बुरशी आणि उष्णता मानवणारे जिवाणू फोफावतात. पुढे कुटार वरून खडखडीत वाळलेलं दिसतं, पण बुरशीचे बीजाणू त्यात तसेच राहतात.

दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकाघशातच अडकतात. पाचपेक्षा बारीक असलेले पार वायुकोशांपर्यंत पोचतात, आणि बरेचसे बीजाणू याच मापाचे. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात. पण रोजच भडिमार झाला तर सूज येते आणि वर्षानुवर्षं तेच चाललं तर फुप्फुस निबर होत जातं. गायीचं दुखणं आणखी वेगळं. शरीराच्या मानाने तिचं फुप्फुस लहान, आणि त्यातले कप्पे पडद्यांनी एकमेकांपासून तोडलेले. माणसाची एखादी बारीक श्वासनलिका बुजली तर शेजारून थोडी हवा येते. गायीला ती सोय नाही. बुजलेला कप्पा बंद पडतो आणि जंतूंचं फावतं. त्यात ती दावणीला बांधलेली, तोंड गव्हाणीत. धूळ उठली म्हणून जाणार कुठे?

टोपलीने कुटार टाकणारी बहुतेक घरातली बाईच असते. सकाळी ती धूळ खाते, संध्याकाळी तिला कणकण, कोरडा खोकला, धाप. हा त्रास चार ते आठ तासांनी उमटतो, म्हणून कुटाराशी त्याची सांगड कोणी घालत नाही. दोन दिवस माहेरी गेली की बरं वाटतं आणि श्रेय तापाच्या गोळीला मिळतं. ओलसर, बुरसटलेल्या गवतात काम करणाऱ्या शेतकऱ्यांचा असा आजार इंग्लंडमध्ये 1932 साली कॅम्पबेल या डॉक्टरांनी नोंदवला. पुढे 'फार्मर्स लंग' हे नाव रूढ झालं.

सोयाबीनची धूळ बुरशीविनाही छळते. 1981 ते 1987 या काळात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात दम्याच्या एकूण 26 लाटा आल्या. एकाएकी रुग्णांची रीघ लागायची. शोध बंदरावर पोचला. जहाजातून सोयाबीन उतरवून ज्या कोठारात भरत, त्याला धूळ रोखणारी गाळणी नव्हती आणि टरफलातली प्रथिनं वाऱ्याबरोबर शहरभर पसरत होती. गाळण्या बसवल्या, लाटा थांबल्या. त्या रुग्णांनी सोयाबीनला हातही लावला नव्हता. आपण तर हडंब्याच्या तोंडाशी उभे असतो, तेही दुपट्टा गुंडाळून. त्या दुपट्ट्यावर माझा मुळीच विश्वास नाही. तो घाम पुसायला चांगला; बीजाणू त्यातून आरपार जातात. कोविडात घरोघरी आलेला एन-95 मास्क नीट घट्ट बसवला तर खरा उपयोगाचा.

हडंबा लावताना वारा बघा. कुटार वाऱ्याबरोबर जाऊ द्या, माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. सुडी भिजलीच तर ऊन पडताच फोडून वाळवा. गव्हाण भरताना गुरं बाहेर काढा. टोपलीत पाणी शिंपडून मगच कुटार टाका, आणि भिजवलेलं त्याच दिवशी संपवा. पण काळं पडलेलं, कुबट कुटार पाण्याने सुधारत नाही. ते खताच्या खड्ड्यातच जायला हवं. यावर दर वर्षी वाद होतो. "एवढी वैरण फेकून देऊ?" हो, फेकाच. आजारी गायीचं आटलेलं दूध आणि माझी इंजेक्शनं त्याहून महाग पडतात.

यंदा गाय खोकली तर मला जरूर बोलवा. पण तिला चारा टाकणारीही खोकत असेल, तर तिला दवाखान्यात न्या. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर आधी क्षयासाठी थुंकी तपासून घ्या. आणि डॉक्टरांना कुटाराचं आपणहून सांगा; ते विचारतीलच असं नाही.