तळ्याकाठची सभा

आज तळ्याच्या असोसिएशनची वार्षिक सभा. मिनेसोटात घर घेतलं तेव्हा वाटलं होतं, डोंबिवलीतल्या सोसायटीच्या सभा सुटल्या एकदाच्या. कसल्या सुटतात! तिथे गच्चीची गळती आणि पार्किंग, इथे धक्क्याची लांबी आणि शेजाऱ्याच्या बोटीच्या लाटा. मागच्या रांगेतून कुरकुरणारे काका इथेही आहेत, फक्त गोरे.

निम्मी सभा एका पाणतणाने खाल्ली. युरेशियन वॉटरमिलफॉइल. तुटलेल्या तुकड्यातूनही ते रुजतं, म्हणजे बोटीच्या पंख्याने कापलं की उलट फैलावतंच. औषध मारायला सरकारी परवाना लागतो, पैसेही लागतात. वर्गणी ऐच्छिक. ती न भरणारेच सगळ्यांत मोठ्याने विचारतात, ‘काठावर एवढं तण कसं?’ क्षणभर माहेरी आल्यासारखं वाटलं.

हिरवळीवर टाकलेल्या खतातला फॉस्फरस पावसाबरोबर पाण्यात उतरतो आणि शेवाळ माजतं, म्हणून 2005पासून राज्यभर त्या खतावर निर्बंध आहेत. काठालगतचं गवतही कापू नका, म्हणाले. मी मान डोलावली. आमचं मात्र परवाच पार पाण्यापर्यंत भादरून झालंय. कुणाला बोलले नाही.

माझ्याकडे काम आलं सेकी तबकडीने पाण्याचा नितळपणा मोजायचं. थाळी दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी होईल ती खोली लिहायची. आंजेलो सेकी या इटालियन पाद्र्याने 1865मध्ये केलेली युक्ती, अजून चालते.

संध्याकाळी सोडून पाहिली. नऊ फूट. मग नवऱ्याला दोर धरायला लावून पुन्हा सोडली. साडेआठ. आमचं भांडण अजून चालू आहे.