संहिता नसलेल्या नाटकाचे टीकाकार

रसिक एखाद्या कलाकृतीवरून आपापसांत भांडतात तेव्हा ते नेमके कशाविषयी भांडत असतात, हा प्रश्न समीक्षाव्यवहाराने फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. असा वाद आवडीनिवडीचा मामला मानून बाजूला सारला जातो आणि समीक्षा मुद्रित संहितेकडे वळते. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातील दशावताराच्या प्रेक्षकांचे वाद कान देऊन ऐकले, तर ही विभागणी टिकत नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगावच्या देवळांत रात्री पालखीची प्रदक्षिणा आटोपते, मग दशावतारी कंपनीचे नाटक उभे राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून एस. टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, होडी वर ओढून घेताना त्याचा निवाडा सुरू होतो. तो निवाडा एका रात्रीपुरता नसतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, आरोलकर, खानोलकर, नेरूरचे कलेश्वर अशा कंपन्यांची एकमेकींशी, त्याच कंपनीच्या मागच्या हंगामाशी, आणि पुष्कळदा हयात नसलेल्या नटांशीही तुलना होते.

या वादाची पहिली अडचण अशी की ज्याविषयी वाद घालायचा ती वस्तूच हाती नसते. दशावताराला लिखित संहिता नाही. नाटकापूर्वी कंपनीतील जाणता माणूस त्या रात्रीचे आख्यान थोडक्यात सांगतो, पात्रे वाटून देतो, कोणाचा प्रवेश कोणानंतर हे ठरते, आणि पुढचे सारे नटाच्या वाणीवर सोडलेले असते. रंगभूमीवर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच कैलास, प्रसंगी तीच शय्या. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्या बळावर स्वर्ग, अरण्य आणि रणांगण उभे करायचे असते. तेव्हा 'कृष्णार्जुन युद्ध' किंवा 'दक्षयज्ञ' ही नावे एखाद्या ग्रंथाची नसून एका शक्यतेची असतात. हे आख्यान दोन कंपन्यांनी केले तर दोन नाटके होतात, आणि एकाच कंपनीने दोन रात्री केले तरी दोनच होतात. मागच्या वर्षीचे नाटक चांगले की यंदाचे, असे विचारणारा प्रेक्षक रूढ अर्थाने एकाच कृतीची दोन मूल्यमापने करीत नसतो. दोन कृतींमधील नाते तो शोधत असतो. मुद्रित काव्यसंग्रहांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाला पुस्तक पुन्हा उघडून पाहण्याची सोय असते. इथे ती नाही.

तरीही वाद अराजकाचा नसतो, कारण त्याला निकष आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी आहे. प्रेक्षकांच्या स्मितापासून मोठ्या हास्यापर्यंत आणि प्रशंसेच्या उद्गारांपासून अंगावरील वस्त्र काढून देण्यापर्यंत मानुषी सिद्धीच्या खुणा तिथे नोंदवल्या आहेत. रंगमंडप भरलेला असावा आणि तरीही आवाज नसावा, क्षोभ नसावा, ही दैवी सिद्धी. दोन नटसंघांत चढाओढ असेल तर पताका कोणाला द्यावी हे ठरवण्यासाठी प्राश्निक सांगितले आहेत, आणि ते सर्वज्ञ असावेत अशी अपेक्षा नाही: छंद जाणणारा छंदाचा निर्णय देईल, शब्द जाणणारा भाषेचा, धनुर्विद्या जाणणारा युद्धाच्या पवित्र्याचा. सिंधुदुर्गातील जत्रेत ही व्यवस्था कोणी शिकवल्यावाचून चालू असते. पदाची उठावण कशी झाली हे भजनीबुवा सांगतो, पखवाज कुठे पुढे धावला हे दुसऱ्या पखवाजवाल्याला कळते, भाषेवर शाळामास्तर बोट ठेवतो, आणि पुराणात ही कथा अशी नाही हे सांगायला एखादा कीर्तन ऐकत आलेला म्हातारा असतोच. नाट्यशास्त्राने प्रयोगाच्या घातांमध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीराख्यांनी केलेला गोंगाट आणि शेणगोळ्यांचा माराही गणला आहे. पाठीराख्यांचे प्रेम प्राचीन काळीही सात्त्विकच असे, असे समजण्याचे कारण नाही.

या निकषांत सर्वांत वरचे स्थान शब्दाला आहे. चांगल्या नटाविषयी तो सुंदर दिसतो किंवा गोड गातो एवढे म्हणून इथला प्रेक्षक थांबत नाही. 'तेच्या तोंडात शब्द आसा', हा अखेरचा दाखला असतो. शब्द म्हणजे राजपार्ट करणाऱ्याला बाकड्यावर बसून, समोर उभ्या राहिलेल्या अनपेक्षित प्रश्नाला, कथेची चौकट न मोडता आणि क्षणाचाही खंड न पाडता देता आले पाहिजे असे उत्तर. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की वाग्युद्ध रंगते, आणि त्यात कोणी कोणाला निरुत्तर केले याची आठवण वर्षानुवर्षे सांगितली जाते. पण ते उत्तर मालवणीत चालत नाही. देव, राजे, ऋषी यांची भाषा संस्कृतप्रचुर, ग्रांथिक मराठी असते. मालवणी बोलण्याची मुभा असते ती संकासुराला, कोळ्याला, विनोदी पात्राला. आख्यानापूर्वीच्या आडदशावतारात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात, आणि वेद पळवणारा संकासूर मात्र प्रेक्षकांच्याच बोलीत त्यांच्याशी थट्टा करतो. वेदांचा चोर आपल्या भाषेत बोलतो आणि वेदांचे रक्षक परभाषेत, या रचनेतील गंमत प्रेक्षकांच्या लक्षात येत नसेल असे मानणे म्हणजे त्यांना फारच भाबडे ठरवणे होय.

येथे एक खोल विसंगती आहे. ज्यांच्या घरात ही ग्रांथिक मराठी कधीच बोलली जात नाही, तेच तिचे कठोर परीक्षक असतात. वाद सगळा मालवणीत, आणि वादाचा विषय राजाचा एक अशुद्ध सामासिक शब्द. पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेला मान तुकवण्याचा हा प्रकार आहे असे अर्थ लावणाऱ्यास सहज म्हणता येईल, आणि त्यात काही तथ्यही आहे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने (1980) नेमकी हीच फट पकडली. महाभारतातली पात्रे रंगवायला निघालेल्या गावकऱ्यांच्या तोंडची शुद्ध भाषा मध्येच मालवणीत घसरते आणि प्रेक्षागृह कोसळते. मच्छिंद्र कांबळी यांनी त्या घसरण्याला मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु 'वस्त्रहरण'चे हसू दशावताराच्या जाणत्या प्रेक्षकाला पूर्णपणे मान्य होईल असे नाही. त्याच्या दृष्टीने राजाची ती भाषा पुण्याची नाहीच. ती कोणाचीच नाही. वर्तमानपत्रात ती छापली जात नाही, कचेरीत बोलली जात नाही. पोथी, कीर्तन आणि जुनी नाटके यांतून गोळा होऊन ती याच बाकड्यावर घडली आहे. इथला शेतकरी किंवा गाबीत तिच्यावर हक्क सांगतो तो उसनवारीचा नव्हे. भाषिक वर्चस्वाचा सिद्धान्त घेऊन येणाऱ्या अभ्यासकाने या टपरीवरचा वाद ऐकल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

स्त्रीपार्टाविषयीच्या वादाची तऱ्हा निराळी. रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळातल्या सुंदर नारींचा दाखला दिला आहे, तो अशासाठी की त्या सगळ्या मुळात पुरुषच असतात. दृश्याला भुलू नये, हा त्यांचा उपदेश. इथला प्रेक्षक उपदेश मान्य करून भुलतो. पदर सावरण्याची लकब कोणाची अधिक खरी यावर तो हिरिरीने बोलतो, आणि त्याच श्वासात तो नट दिवसा काय काम करतो हेही सांगतो.

या साऱ्या वादाच्या तळाशी एक गोष्ट असते, जिचा उच्चार वादी-प्रतिवादी सहसा टाळतात: झोप. जत्रेचे पारंपरिक नाटक मध्यरात्रीनंतर रंगात येते आणि पहाटे दहीकाल्याने संपते. या प्रकाराला जुन्या बोलीत 'धयकालो' म्हणतात तो त्यामुळेच. देवळाच्या आवारात चटया पसरलेल्या असतात, मुले आयांच्या मांडीवर झोपलेली असतात, खाजे आणि शेंगदाणे संपलेले असतात, थंडी उतरू लागलेली असते. दिवसभर राबलेला माणूस तीन वाजता पूर्ण जागा असणे शक्य नाही. पायपेटीचा सूर झोपेत शिरतो, राजाचे वाक्य अर्धे ऐकू येते, उरलेले अर्धे कानाने रचलेले असते. पखवाज कडाडला की डोळे उघडतात, युद्ध चालू असते, कोण कोणाशी लढतो आहे हे शेजाऱ्याला विचारावे लागते. प्रत्येकाने पाहिलेले नाटक असे तुकड्यातुकड्यांचे आणि प्रत्येकाचे तुकडे वेगळे. 'तू निजान बघलंस', हा सकाळच्या वादातला सर्वांत घातक आरोप असतो, आणि तो ज्याच्यावर होतो त्याच्याइतकाच करणाऱ्यालाही लागू असतो.

वाचकाच्या प्रतिसादाविषयी गेल्या अर्धशतकात जे लिहिले गेले त्यात संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, हे सूत्र वारंवार येते. तेथील वाचक मात्र सतत जागा आहे असे गृहीत असते. दशावताराच्या प्रेक्षकाच्या बाबतीत रिकाम्या जागा कृतीत कमी आणि पाहणाऱ्यात अधिक असतात. त्याने पाहिलेल्या राजाचा काही भाग त्याने स्वप्नात पाहिलेला असतो. मग दुसऱ्या दिवशीचा वाद केवळ मूल्यनिर्णयाचा राहत नाही. पाच जणांचे पाच तुकडे एकत्र येतात, कोणी प्रवेशाची सुरुवात सांगतो, कोणी शेवट, आणि रात्री कोणीही सलग न पाहिलेले नाटक टपरीवर प्रथमच सलग होते. संहिता इथे प्रयोगाच्या आधी नसते, नंतर तयार होते, तीही भांडणातून.

गेल्या काही दशकांत या वादात नवे पक्ष पडले. 'ट्रिकसीनयुक्त' प्रयोग आले. धूर, रंगीत दिवे, अधांतरी प्रकटणारे देव आले. निरनिराळ्या कंपन्यांतील नामवंतांना एका रात्रीपुरते एकत्र आणणारे संयुक्त दशावतारही होऊ लागले. पुष्कळ ठिकाणी प्रयोग संध्याकाळीच सुरू होऊन वेळेत संपतात. जुन्या रसिकांना ही अवनती वाटते, तरुणांना हाच दशावतार जिवंत राहण्याचा मार्ग वाटतो. या भांडणात जुन्यांची बाजू वाटते तितकी भक्कम नाही, कारण जिला ते परंपरा म्हणतात तीत पायपेटीही कधीतरी नवीनच होती. त्यांचे एक म्हणणे मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाही: देव धुरातून प्रकट झाला की त्याच्या येण्याचे वर्णन करण्याची जबाबदारी नटावर उरत नाही. ट्रिकसीन शब्दाची जागा घेते. ही तक्रार स्मरणरंजनाची नाही, ती निकषाची आहे.

याहून मोठा बदल ध्वनिचित्रमुद्रणाने केला. मोबाइल फोनवर नाटके टिपली जातात, यूट्यूबवर टाकली जातात, मुंबईतला चाकरमानी लोकलमध्ये ती पाहतो. जिथे पुरावा नव्हता तिथे पुरावा आला. मिल्मन पॅरी याने 1930च्या दशकात युगोस्लाव्हियातील वीरगीतगायकांचे ध्वनिमुद्रण केले आणि त्या आधारे त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने 1960 साली 'द सिंगर ऑफ टेल्स' हा ग्रंथ लिहिला. आपण तेच गीत शब्दशः गातो असे गायक ठामपणे सांगत, आणि मुद्रणे शेजारी ठेवली की शब्द जुळत नसत. लॉर्डने गायकांना खोटे ठरवले नाही. त्यांच्या लेखी 'शब्द' ही कल्पनाच निराळी आहे, हे त्याने दाखवले. सिंधुदुर्गातील रसिकाला हा दिलासा देणारा कोणी लॉर्ड टपरीवर नसतो. राजाने अमुक उत्तर दिले होते असे तो सांगतो, समोरचा तरुण खिशातून फोन काढतो, आणि ते उत्तर तिथे नसते.

नेरूरच्या कलेश्वर दशावतार नाट्यमंडळाचे सुधीर कलिंगण जानेवारी 2022 मध्ये निवर्तले. रसिकांनी त्यांना 'लोकराजा' म्हटले होते. त्यांच्या प्रयोगांची मुद्रणे पुष्कळ आहेत. त्यांचे वडील बाबी कलिंगण यांच्या उमेदीच्या काळात जत्रेत कोणाच्या खिशात कॅमेरा नव्हता. त्यामुळे पिता-पुत्रांची तुलना निघाली की एका बाजूला चित्रफीत असते आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट झोपेत पाहिलेली, चाळीसएक वर्षे सांगून सांगून गुळगुळीत झालेली एक रात्र. हा सामना समान शस्त्रांचा नाही. चित्रफितीतला राजा दमतो, शब्दाला अडतो, घाम पुसतो. आठवणीतला राजा कधीच अडत नाही. तरुण म्हणतात, जो तपासता येत नाही त्याला मोठे कसे म्हणावे. म्हातारे म्हणतात, फोनवाला जिथे उभा होता तिथून नाटक दिसतच नाही.

म्हाताऱ्यांचे हे उत्तर बचावाचे वाटते, पण ते तंतोतंत खरे आहे. फोन बहुधा पुढे, उजेडात, बाकड्याच्या समोर असतो. नाटक पाहिले जाते ते मागून, दीपमाळेच्या अंधारातून, दोन डोक्यांच्या फटीतून, कोणाच्या तरी घोरण्यासकट. शिवाय चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. राजाला तशी सवलत कधी नव्हती आणि त्याच्या पहिल्या टीकाकारांनाही नव्हती. यंदाच्या हंगामात पुन्हा आख्यान लागेल, पुन्हा राजा बाकड्यावर बसेल, आणि त्याने काय उत्तर दिले यावर सकाळी एकमत होणार नाही. फोन खिशात असूनही.