पहिल्या बेसपर्यंतची धाव

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ओकलंड भागात विद्यापीठाच्या इमारतींलगत विटांची एक उंच भिंत उभी आहे. वेलींनी वेढलेली, अंगावर अंतराचे आकडे रंगवलेली. 1909 साली सुरू झालेल्या फोर्ब्स फील्ड मैदानाची ही उरलेली कड. पायरेट्स हा बेसबॉल संघ 1970 मध्ये इथून हलला आणि पुढे मैदान पाडले गेले. जिथली भिंत गेली तिथे फुटपाथमध्ये विटांची ओळ बसवली आहे. त्या ओळीतला एक फलक सांगतो, की पायरेट्सच्या बिल माझरॉस्कीने टोलवलेला चेंडू इथून पार गेला.

तो दिवस 13 ऑक्टोबर 1960 चा, वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेतल्या सातव्या आणि निर्णायक सामन्याचा. समोर न्यूयॉर्क यँकीज. त्यांनी आधीचे तीन सामने 16-3, 10-0 आणि 12-0 असे जिंकले होते. पायरेट्सनी तीन जिंकले ते निसटते. नवव्या इनिंगमध्ये 9-9 अशी बरोबरी असताना, मुख्यतः क्षेत्ररक्षणासाठी नावाजलेल्या माझरॉस्कीने होम रन मारला. सामना तिथेच संपला. दर 13 ऑक्टोबरला चाहते या भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचे रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात. निकाल सगळ्यांना पाठ असतो, तरी शेवटचा फटका बसला की जल्लोष होतो. स्मरणोत्सव असावा तर असा!

मला मात्र त्याआधीचा, आठव्या इनिंगमधला एक क्षण मोठा वाटतो. पायरेट्सचे एक सहमालक, गायक बिंग क्रॉस्बी, ताण सोसवत नाही म्हणून पॅरिसला गेले होते. त्यांनी करवून घेतलेले सामन्याचे चित्रीकरण 2009 मध्ये त्यांच्या घराच्या तळघरात सापडले, म्हणून तो क्षण आज पाहता येतो. दोन गडी बाद, पायरेट्स 5-7 असे मागे. रोबेर्तो क्लेमेंतेचा फटका फसतो, चेंडू जमिनीवर टप्पे घेत राहतो. पण तो जिवाच्या आकांताने पळतो. पहिला बेस झाकायला पिचर पोचत नाही, क्लेमेंते वाचतो आणि एक धाव मिळते. तो बाद झाला असता तर इनिंग संपली असती. लगेच हॅल स्मिथने होम रन मारून संघाला 9-7 असे पुढे नेले. माझरॉस्कीचा फटका त्यानंतरचा, यँकीजनी बरोबरी साधल्यावरचा.

ओकलंडहून बसने डाउनटाउनला आले, की ॲलेगेनी नदीवरचा पिवळा पूल लागतो. त्याला क्लेमेंतेचे नाव आहे. सामन्याच्या दिवशी तो वाहनांना बंद असतो. लोक चालतच पीएनसी पार्कला, पायरेट्सच्या आताच्या मैदानावर, जातात. मैदानाची उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, कारण क्लेमेंतेच्या पाठीवर 21 हा आकडा होता. बाहेरच्या पुतळ्यात तो बॅट टाकून पळायला निघाला आहे.

पोर्तो रिकोच्या या कृष्णवर्णीय खेळाडूला वर्तमानपत्रे त्याच्या मनाविरुद्ध ‘बॉब’ म्हणत राहिली. 1971 मध्ये त्याने संघाला पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. 30 सप्टेंबर 1972 रोजी त्याचा तीन हजारावा हिट झाला, आणि नियमित हंगामातला तोच शेवटचा ठरला. त्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. आधी पाठवलेली मदत गरजूंपर्यंत पोचत नसल्याचे कळल्यावर, 31 डिसेंबरला तो स्वतः मदतीच्या विमानात चढला. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळले. त्याचा मृतदेह सापडला नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने पाच वर्षे थांबण्याची अट बाजूला ठेवून 1973 मध्येच त्याला आपल्यात घेतले. लॅटिन अमेरिकेतून तिथे पोचलेला तो पहिला खेळाडू.