ऐकलेले चित्रपट

गेल्या पावसाळ्यात एका शनिवार-रविवारी आम्ही घरी बसून तीन चित्रपट पाहिले. जो शिक्षक आठवड्यातील पाच दिवस मुलांस मोबाईल दूर ठेवून पुस्तक हाती धरावयास सांगतो, त्याने ही गोष्ट शाळेच्या वार्षिकात छापून कबूल करावी की नाही, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु त्या सोमवारी पहिल्याच तासास आमच्या जांभया पाहून वर्गातील काही चौकस मंडळींनी कारण विचारले होते, आणि आम्ही 'पुढे केव्हातरी सांगू' असे म्हणून वेळ मारून नेली होती. तेव्हा आता सांगणे प्राप्त आहे.

आमचे बिऱ्हाड गंगापूर रोडवर आहे. घरात माणसे पाच : आमची वृद्ध आई, आम्ही उभयता, अकरावीतील मुलगा व सातवीतील मुलगी. आईची दृष्टी गेली दोन वर्षे हळूहळू मंद होत आहे. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेने निघाला असता. परंतु तिचा विकार दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा. त्यामुळे कडेची खिडकी दिसते, दाराची चौकट दिसते, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा तेवढा पुसल्यासारखा होतो. जुलैमध्ये नेत्रवैद्यांनी आम्हांस बाजूस घेऊन सांगितले की, गेलेली दृष्टी परत येईल अशी आशा धरू नये. उरली आहे ती जपावी. हे ऐकून आम्ही घरी आलो व चाचणीचे पेपर तपासावयास बसलो. पुढील कित्येक आठवडेही असेच कोणत्या ना कोणत्या पेपरांत गेले. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, परंतु घडले ते असे.

मग एका शुक्रवारी रात्री जेवणे आटोपून आम्ही सर्व दिवाणखान्यात बसलो होतो. मुलगा कानांत यंत्र घालून लॅपटॉपवर काही पाहत होता, मुलगी तसेच काही मोबाईलवर, आणि मुलांची आई दुसऱ्या मोबाईलवर. आम्ही टीव्हीवरील बातम्यांचा आवाज बंद करून केवळ खालून सरकणाऱ्या ओळी वाचीत होतो; आणि हे आईस गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून करीत आहो, असे आम्ही समजत होतो! आई मधोमध आपल्या खुर्चीवर होती. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "घरात कोणी आहे का रे?"

ती थट्टा करीत नव्हती. चार माणसे हाताच्या अंतरावर बसली असता तिला घर रिकामे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी तिला सोमेश्वरला न्यावे असे आम्ही ठरविले. धबधबा दिसला नाही तरी ऐकू येतो, असा आमचा हिशेब. परंतु शनिवारी पहाटेपासून पावसाने जी झोड लावली ती थांबेना. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची वार्ता आली, गोदावरी फुगली, आणि अशा वेळी नदीकाठी जाणे म्हणजे उगाच संकटास बोलावणे. मुले हिरमुसली. तेव्हा मुलांच्या आईने तोड काढली की, सर्वांनी मिळून एकच चित्रपट पाहावा, कानांत कोणी काही घालू नये, आणि पडद्यावर जे दिसेल ते एकाने आजीस सांगावे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आमचे कैलासवासी वडील हेही शिक्षक होते, व चित्रपटगृहाचे नाव निघाले की त्यांच्या कपाळास आठ्या पडत. आमच्या बालपणी चित्रपट हा आमच्या घरी निषिद्ध विषय होता. आई त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. त्यामुळे ती ह्या बेतास नाही म्हणेल अशी आमची खात्री होती. ती म्हणाली, "लावा की!"

कोणता चित्रपट लावावा ह्यावर अर्धा तास वाद झाला, तो गाळतो. शेवटी नाशिककरांनी आरंभ फाळक्यांपासून करावा, असे ठरले. धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म इ. स. १८७० चा, येथून जवळच्या त्र्यंबकेश्वरचा. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' इ. स. १९१३ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला, इ. स. १९१८ मध्ये त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशकात उभी राहिली, आणि इ. स. १९४४ मध्ये ते नाशकातच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. आमच्या शाळेतील बहुतेक मुलांनी तेथे सहलीच्या निमित्ताने डबे खाल्ले आहेत, ह्यापलीकडे त्यांना फाळक्यांची माहिती बेताचीच. म्हणून प्रथम परेश मोकाशी ह्यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा इ. स. २००९ चा चित्रपट लावला. 'राजा हरिश्चंद्र' कसा तयार झाला ह्याची ती हकीकत आहे, आणि मोठी खुसखुशीत आहे.

सांगण्याचे काम मुलाकडे आले. हा आमचा मुलगा गेले वर्षभर घरात 'हो', 'नाही' व 'भूक लागली' एवढेच बोलत असे. त्याने आरंभ केला, "एक माणूस आला. जादू करतोय." आईने विचारले, "कसला माणूस? धोतर नेसलाय की पँट घातलीय? जादू कसली?" त्यास पुन्हा नीट पाहावे लागले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. हळूहळू तो आपण होऊनच सांगू लागला : घराची कौले, बायकांच्या नऊवारी, स्त्रीपार्ट करावयाचा म्हणून मिशा काढावयास सांगताच नटांची झालेली तोंडे. स्त्रीभूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून फाळक्यांनी एका खाणावळीतील साळुंके नावाच्या आचाऱ्यास तारामती केले, हे खरोखरीच घडलेले आहे. आई पदर तोंडास लावून हसली. असे हसताना तिला आम्ही कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

आणि वीज गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, परंतु त्याची बॅटरी बदलावयाची राहिली आहे, असे मुलांची आई दर महिन्यास आम्हांस सांगत असते. बाहेर ढगांनी अंधारून आलेले, आत काळोख. मुलगी 'शी!' म्हणाली. तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "आता आपण सारे सारखे."

ह्यावर काय बोलावे ते कोणास सुचेना. मग तीच म्हणाली, "पुढं काय झालं? सांगा ना."

मुलास पुढचे ठाऊक नव्हते, म्हणून आमच्या वाचनात जे होते ते आम्ही सांगू लागलो. इ. स. १९१०-११ च्या सुमारास फाळक्यांनी मुंबईस प्रभू येशूच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला आणि आपल्याकडील राम-कृष्णही असे पडद्यावर यावेत ह्या विचाराने ते झपाटले. तो चित्रपट पाहण्यास त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंस बरोबर नेले होते. पुढे ह्या बाईंनी काय केले नाही? कंपनीतील सर्व माणसांस रांधून वाढले, काळोखात बसून कच्च्या फिल्मच्या कडेस भोके पाडली, चित्रित झालेली फिल्म धुतली. भांडवलाकरिता फाळक्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली. थोरला मुलगा भालचंद्र हा पडद्यावर रोहिदास झाला. सारांश, ज्यास आज आपण एवढा मोठा धंदा म्हणतो त्याचा आरंभ एका मराठी बिऱ्हाडातील स्वयंपाकघराच्या शेजारी झाला. ओघात आम्ही हेही सांगितले की, रात्रंदिवस प्रयोग करून व झोप टाळून फाळक्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेलीच.

हे वाक्य तोंडून गेले आणि आम्ही थांबलो. काळोखात आईने विचारले, "मग? परत आली?"

"आली. औषधपाणी झाले, निरनिराळे चष्मे लावले, आणि परत आली."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "बरं झालं. बिचाऱ्याला पुढं किती काम करायचं होतं." आणि मग, आवाज तसाच ठेवून, "माझी येणार नाही, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी डॉक्टर तुला बाजूला घेऊन बोलले. बाजूला म्हणजे कुठं? दाराशी! कान शाबूत आहेत माझे."

जी गोष्ट आम्ही दीड महिना उराशी धरून होतो, ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मुलाने काळोखातच उठून तिच्यापाशी बैठक मारली. वीज आली तेव्हा चित्रपट पुढे चालू करण्याचे कोणास पुष्कळ वेळ सुचले नाही. मग केला, आणि शेवटपर्यंत पाहिला.

रात्री मुलीची पाळी. तिला आम्ही फाळक्यांचा इ. स. १९१९ मधील 'कालिया मर्दन' लावून दिला. हा मूकपट, म्हणजे ज्यास दिसत नाही त्याला त्यातून काहीच मिळावयाचे नाही. सगळा भार सांगणारीवर. चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आपल्या साध्या रूपात समोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखविते. मग तीच कृष्ण होते. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी बापाने कॅमेऱ्यासमोर उभी केलेली ही पोर आजही पाहणाऱ्यास हसविते. आमची मुलगी म्हणाली, "आजी, ती आता हसतेय. आता रागावली. आता... कसं सांगू?" मग तिने आजीचा हात धरून आपल्या गालावर ठेवला आणि मंदाकिनी करील तसे तोंड स्वतः करू लागली. आईची बोटे तिच्या भुवयांवरून, गालांवरून, ओठांवरून फिरत होती. "नाक तुझं आजोबांवर गेलंय," आई मध्येच म्हणाली. कालियाचे मर्दन त्या रात्री अर्ध्यावरच राहिले, कारण दोघींचा हा खेळ पुढे पुष्कळ वेळ चालला.

रविवारी उपासनेहून येताना मिसळ खाल्ली. गंगापूर रोडवर राहून रविवारी मिसळ न खाणारा मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. दुपार झोपेत गेली. संध्याकाळी फिरून आलो, जेवणे उशिरा झाली, आणि मग कोणता चित्रपट असे विचारताच आईने प्रथमच आपण होऊन नाव सांगितले : 'श्यामची आई'.

साने गुरुजींनी हे पुस्तक इ. स. १९३३ मध्ये येथल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेला चित्रपट इ. स. १९५३ चा, वनमाला आई झाल्या आहेत व माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा हा पहिलाच चित्रपट. आम्हांस वाटले, पुस्तक घरात आहे, वडील आम्हांस ते वाचून दाखवीत, म्हणून आईस त्याची आवड. परंतु चित्रपट सुरू झाला आणि ती मुलाच्या आधीच सांगू लागली. आता श्याम पोहायला जायला भिणार. आता आई येणार बघ. मुलगा चकित. म्हणाला, "आजी, तू हा पाहिलायस?"

आई लाजली. ह्या वयात, नातवंडांसमोर, खरोखर लाजली.

मग कळले ते असे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हा जुना चित्रपट कोठेतरी पुन्हा लागला होता. आमचे वडील, ज्यांच्या भयाने आम्ही कॉलेजात जाईपर्यंत चित्रपटगृहाची पायरी चढलो नाही ते आमचे वडील, तिला घेऊन तो पाहावयास गेले. शेवटी शेवटी ते मोठ्याने रडू लागले व पुढल्या रांगेतील माणसे मागे वळून पाहू लागली. बाहेर आल्यावर त्यांनी आईकडून वचन घेतले की, हे कोणास सांगावयाचे नाही.

"मुलगा मॅट्रिक झाला की त्याला सांगू, असं ठरलं होतं," आई म्हणाली. "मग राहूनच गेलं."

आम्हांस मॅट्रिक होऊन तीस वर्षे होत आली. वडिलांस जाऊन नऊ.

चित्रपट संपल्यावर आईने शेवटचा भाग पुन्हा लावावयास सांगितला. मुलाने लावला, आणि सवयीने सांगावयास तोंड उघडले. आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यास थांबविले.

"राहू दे. हा मला दिसतो."

निजावयास साडेबारा वाजून गेले. सोमवारच्या जांभया त्या ह्या.