चरणमाळचा तिसरा गिअर

रविवार, ३१ डिसेंबर २०२३, पिंपळनेर

शटर वर करायच्या आतच पिकअप दारात उभी होती. ड्रायव्हर वरच्या पाड्यावरचा, गाडी स्वतःची, हप्ते चालू. म्हणाला, "मेस्तरी, तिसरा गेर उडी जास. घाटमा दांडा धरीसन बसनं पडस." चरणमाळचा घाट, मागे कांद्याच्या गोण्या, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा गिअरच्या दांड्यावर. ऐकूनच पोटात गोळा आला. असा किती दिवस चालवतोय, विचारलं तर म्हणे दिवाळीपासून.

इंजिन चालू ठेवून न्यूट्रलला ऐकलं. घरघर. क्लच दाबला, गप्प. सोडला, पुन्हा घरघर. मग सामोड्याकडे एक चक्कर मारली. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात आवाज चढत जातो, चौथ्यात जवळजवळ विरतो. या गाडीत चौथा गिअर थेट आहे, इंजिनाचा जोर खालच्या काउंटर शाफ्टवरून न फिरता सरळ मेन शाफ्टला मिळतो. तिथे आवाज विरतो, म्हणजे दुखणं खालच्या शाफ्टला. गाडी न खोलता एवढं कानाला कळतं. भाच्याला शेजारी बसवून तीनदा ऐकवलं.

ऑइल सोडलं तर निम्म्याहून थोडं जास्त निघालं. मागचं सील ओलं. गळती केव्हाची असेल कोण जाणे. हातावर घेतलं तर पिवळी चकाकी होती. ती पितळी सिंक्रो रिंगची, थोडी असायचीच. पण चुंबक फिरवला तेव्हा त्याला करड्या पापुद्र्यांचे काटे उभे राहिले. ते बेअरिंगचं पोलाद.

सोमवार, १ जानेवारी २०२४

गिअरबॉक्स उतरवला. थंडी एवढी की पाना हाताला चिकटतो.

झाकण काढल्यावर भाच्याला म्हटलं, आधी डोळे मीट, दोन्ही हातांनी काउंटर शाफ्ट धर आणि पुढे-मागे ढकल. "हालस मामा," तो म्हणाला. मग डायल गेज लावला, ०.४२ मिलिमीटर. गिअरबॉक्सच्या या खोक्यात मी हा ढिलेपणा पाच शतांशांच्या आत ठेवतो. आकडा नंतर बघायचा, हाताला आधी कळलं पाहिजे, असा माझा आग्रह असतो. गेज दुकानात राहतो, हात घाटातही बरोबर असतात.

गिअर का उडतो तेही आज त्याच्या डोक्यात बसलं. गिअरचे दात तिरपे कापलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना फिरवता फिरवता बाजूलाही रेटतात. अॅक्सिलरेटर दिला की शाफ्ट एका बाजूला, पाय काढला की दुसऱ्या बाजूला. बेअरिंग घट्ट असेल तर हा रेटा ते पोटात घेतं. झिजलं असेल तर आख्खा शाफ्ट सरकतो, शाफ्टबरोबर गिअर सरकतो आणि स्लीव्हची पकड हळूहळू सुटते. उतारावर पाय काढला की नेमकं हेच होतं. लोक फोर्क बदलतात, दांड्याची स्प्रिंग कडक करतात, आणि महिन्याने परत येतात.

टेपर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेले. ते अपेक्षित होतं. मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग काढलं आणि मन खट्टू झालं. बाहेरची रिंग आरशासारखी चमकत होती, म्हणजे ती खोक्यातल्या आपल्या खाचेत, बेअरिंगच्या घरात, गरगर फिरत होती. आणि अॅल्युमिनियमच्या त्या घरात आतल्या बाजूने गोल ओळीत पंचाचे टोचे. आधी कुणीतरी कडा उचलून बेअरिंग घट्ट बसवलं होतं. अशा टोच्यांची टोकंच काय ती बेअरिंगला टेकतात. चार फेऱ्यांत ती दबतात, आणि शाफ्ट मध्यापासून ढळतो तो ढळतोच. घर मोजलं, ८०.०८. मूळ माप ८०.

मंगळवार, २ जानेवारी

बेअरिंगचं पार्सल अडकलं. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत कैद आहे, त्याविरुद्ध कालपासून ट्रकवाले थांबलेत. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघत नाहीत, पंपावर रांगा.

ड्रायव्हर दुपारी येऊन बसला. "कितला लागतीन?" सांगितलं. बराच वेळ बोलला नाही. ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद, ३१ मार्चपर्यंत म्हणतात. भाव पार उतरले, भाड्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मग हळूच म्हणाला, "यंदा पंच मारी द्या ना."

नाही म्हणालो. त्याला राग आला, मलाही वाईट वाटलं. त्याची अडचण खरी आहे. पण ते टोचे माझ्या हातून झाले आणि घाटात गिअर उडाला, तर मला झोप लागणार नाही. मजुरी कांद्याचे पैसे आल्यावर दे म्हटलं, घर नीट करणाऱ्या बोअरिंगवाल्याचे आणि मालाचे तेवढे आता. तो उठून गेला. संध्याकाळी भावाला घेऊन आला आणि पैसे ठेवले.

रात्री आजोबांची आठवण आली. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये ते शाफ्टांना तेल घालायचे. स्वेन विंगक्विस्ट नावाचा स्वीडिश इंजिनिअर अशाच एका कापडगिरणीत होता, गोथेनबर्गला. तिथली जमीन चिकणमातीची. इमारत खचली की लांब शाफ्टांची रेषा बिघडायची आणि बेअरिंगं जायची. दरवेळी नवं बसवण्यापेक्षा रेषा थोडी चुकली तरी सांभाळून घेईल असं बेअरिंग त्याने १९०७ मध्ये काढलं. आमच्या खोक्यात तशी सवलत नाही. इथे घरच सरळ करावं लागतं.

गुरुवार, ४ जानेवारी

परवा संध्याकाळी संप मिटला. खोकं पोत्यात गुंडाळून धुळ्याला नेलं. बोअरिंगवाला जुना माणूस. त्याने टोच्यांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. घर खरवडण्याआधी त्याने डॉवेलच्या भोकांवरून मध्य धरला, यातच अर्धा तास गेला. तो वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटला. दोन शाफ्टांमधलं अंतर जरा चुकलं की बेअरिंग कितीही भारी घाला, गिअर रडणार.

घर ८४ पर्यंत मोठं केलं. पोलादी कडं किंचित जाड ठेवून शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये तासभर ठेवलं आणि खोकं उकळत्या पाण्यात बुडवलं. ८० अंशांच्या फरकाने एवढं अॅल्युमिनियमचं घर साधारण दीड दशांश मिलिमीटर फुलतं. कडं हाताने आत सोडलं. टक्, एवढाच आवाज. हातोडी उचलावी लागली नाही. थंड झाल्यावर कड्याला आतून बरोबर ८० चं माप दिलं.

शनिवार, ६ जानेवारी

माल आला. मागचं बेअरिंग ६३०७, सी३. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की शाफ्टचं माप येतं, ३५. सी३ म्हणजे आतला मोकळेपणा नेहमीपेक्षा जास्त, या मापात १५ ते ३३ मायक्रॉन. शाफ्टवर दाबून बसल्यावर आणि तापल्यावर त्यातला काही भाग खर्ची पडतो. गल्ल्यावरचा पोरगा "सेमच आहे" म्हणून साधं देत होता, ते परत केलं.

बेअरिंग तेलात शंभरेक अंशांपर्यंत तापवलं. १२० च्या वर कधी नेऊ नये. शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या रिंगवर, म्हणून मापाचा पाइप. भाच्याने घाईत बाहेरच्या रिंगला पाइप टेकवला होता, मी त्याचा हात धरला. तो फटका गोळ्यांतून जातो, रिंगवर बारीक खळगे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणायला लागतं.

शिम बदलत पाच वेळा खोललं, पाच वेळा बसवलं. ०.४२ चे ०.०४ झाले. शाफ्ट बोटाने फिरतो, अडत नाही. नवं सील. ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-४. डिफरन्शिअलचं उरलेलं जीएल-५ इथे ओतायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. त्यातली रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत.

रविवार, ७ जानेवारी

वीस गोण्या भरून चरणमाळला गेलो. ड्रायव्हर चालवत होता, मी मधे, भाचा दाराकडे. चढ तिसऱ्यात काढला. वरून वळलो, उतार लागला, "पाय काढ" म्हटलं. त्याने पाय काढला, पण डावा हात दांडा आवळून होता. बोटांची पेरं पांढरी झालेली. दोन वळणं गेली, तीन गेली. दांडा थरथरलासुद्धा नाही. चौथ्या वळणाला दोन्ही हातांची गरज पडली तेव्हा तो हात आपोआप स्टिअरिंगवर गेला आणि तिथेच राहिला. कुणी काही बोललं नाही.

रविवार, २१ जानेवारी

हजारेक किलोमीटर झाले. नेहमीप्रमाणे ऑइल बदलायला बोलावलं होतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काजळासारखा मऊ लेप, बोटाने पुसला तर बोटाला काही टोचलं नाही. सील कोरडं. भाच्याने न सांगता प्रोपेलर शाफ्ट धरून वर-खाली हलवून पाहिला, डोळे मिटून. ड्रायव्हरने मजुरीतले निम्मे दिले, उरलेले उन्हाळ कांद्यावर. गाडीत सुरतेचा माल भरलेला होता, उशीर नको म्हणून चहाही न घेता निघाला.